गफूरभाईंच्या कापसाच्या लेकी

गफूरभाई पिंजाऱ्यांनी एकदा अख्खी वरात थांबवली होती. भांडण नव्हतं, रस्त्याचा वाद नव्हता. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, त्याच्याही पुढे घामाघूम होऊन नाचणारे मामे, आणि मध्येच हा पांढऱ्या दाढीचा, अंगभर कापूस चिकटलेला माणूस दोन्ही हात वर करून उभा. बँडवाल्याला वाटलं, गल्लीत कुणी तरी गेलं. त्याने तोंडातलं वाजंत्र काढलं.

"कोन गेलं, चाचा?"

"गेलं कोनी नाई. बसली हाये," गफूरभाई दबक्या आवाजात म्हणाले. "अठरावा दिवस हाये. जरा आस्ते."

कोण बसली आणि कशावर बसली हे वरातीला समजायला पाच मिनिटं लागली. समजल्यावर मामे चिडले, बाकीचे हसले, आणि एका कोंबडीच्या दारापुढून ती वरात शंभर पावलं मुक्यानं चालत गेली. घोडासुद्धा पाय जपून टाकत होता, असं आमची शेजारीण तुळसाबाई अजून सांगते. तुळसाबाईच्या सांगण्यातलं निम्मं मी नेहमी सोडून देते, पण वरात थांबली ते मी आमच्या फाटकातून स्वतः पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

कपाळावर हात मारणं हा त्या काळी माझा छंदच होता. मी चाळिशीच्या आतबाहेर, बी.एस्सी., बी.एड., शाळेत विज्ञानाची मास्तरीण. नागपूरहून लग्न करून सिंदेवाहीला आले, ती या गावाला उजेड दाखवायलाच आले अशी माझी समजूत होती. गावात वीज माझ्या आधीपासून होती, हे मी लक्षात घेत नसे. आज त्या बाईला रस्त्यात पाहिलं तर मी गल्ली बदलीन.

गफूरभाई आमच्या समोर राहायचे. एक खोली, पुढे ओटा, मागे कुडाचं अंगण. धंदा गाद्या-उशा भरण्याचा. धनुकलीवर कापूस पिंजायला बसले की सगळ्या गल्लीला तो टणत्कार ऐकू यायचा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर हे टंग-टंग कोन आयकन बापा?" जवळचं म्हणावं असं एकच माणूस, हैदराबादचा भाचा. तो एकदा आला तो मिठाईच्या खोक्यात कोंबड्यांची एक जोडी घेऊन. पुढे तो आखातात गेला आणि फिरकला नाही. जोडी मात्र राहिली.

ती कोंबडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, यांची उशी फाटली आणि चालायला लागली. पीस म्हणून नाहीच, नुसता पिंजलेला कापूस. डोक्यावर गोंडा, तो डोळ्यांवर आलेला, त्यामुळे बाईसाहेब भिंतीवर जाऊन आपटायच्या. पायांत मोजे घातल्यासारखे केस. इतर कोंबड्यांना बोटं चार, हिला पाच. कापूस बाजूला सारला की आत कातडी शाईसारखी काळी. उडता येत नाही, पळता येत नाही, भिजली तर कुडकुडून आजारी पडते. पुस्तकात तिचं नाव सिल्की. गावानं नाव ठेवलं कापसाची कोंबडी, आणि ते जास्त बरोबर होतं.

या जातीला एकच गोष्ट येते, बसणं. अंडी असोत की नसोत. एक कोंबडी पंधरा दिवस बटाट्यावर बसली होती. मी म्हटलं, "अहो, काढा तो बटाटा, भाजी तरी होईल." गफूरभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाच्या पाळण्यात हात घालायला निघाले होते. "काऊन तिचं मन मोडता, बाई? थकल तं उठल."

बसवण्याची त्यांची पद्धत ठरलेली. टोपलीत धानाची तणीस, तिच्या तळाशी एक विझलेला कोळसा आणि एक लोखंडी खिळा. आभाळ कडाडलं तर अंड्यातला जीव दचकू नये म्हणून. मला हे कळल्यावर मी ओट्यावर उभी राहून त्यांना वीस मिनिटं विजेबद्दल समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"मंग खिळा ठेवू का काढू?"

"काढा!"

"मी काढतो, पन कोंबडीले तुमी समजावजा. ती तुमच्या शाळेत नाई आली."

खिळा राहिला.

एकदा जंगलाकडच्या गावाहून एक म्हातारे बाबा आले. त्यांना पूजेसाठी काळी कोंबडी पाहिजे होती आणि कुणी तरी सांगितलं होतं की पिंजाऱ्याकडची आतून काळी असते. गफूरभाई दारात आडवे झाले. "बाबा, ही तं पांढरी हाये." बाबा म्हणाले, "वरून पांढरी हाये. देवाले आतलं दिसते." गफूरभाई विचारात पडले. मग हात जोडून म्हणाले, "देवाले आतलं दिसते मनूनच तं मी भेतो, बाबा. माह्या मनात तुमाले द्याची नाई हाये, ते बी दिसन ना त्याले." बाबा खो खो हसले, ओट्यावर बसून तंबाखू मळली आणि रिकाम्या हातानं गेले. त्यानंतर बाजाराला आले की ते कोंबड्यांना पाहूनच जात.

पिल्लं मोठी झाली की गफूरभाई ती देऊन टाकत. पण देणं म्हणजे काय! लोक कोंबडी देतात, हे लेक देत. आधी घर बघायला जायचे. मांजर आहे का? पावसात आडोसा कुठी हाये? घरात कापून खायचा विचार कोणाच्या डोक्यात तं नाई? सगळं पटलं की दिवस ठरायचा आणि कोंबडी नव्या टोपलीतून जायची. बरोबर आंदण म्हणून वीतभर गादी, स्वतः भरलेली, शिवलेली, चारी कोपऱ्यांना टाके घातलेली. अशा अकरा घरी त्यांनी लेकी दिल्या होत्या.

आणि दर शुक्रवारी, नमाज झाली की धुतलेला कुर्ता घालून, कानात अत्तराचा बोळा खोवून ते लेकींना भेटायला निघत. दारात उभं राहून एकच प्रश्न, "लेक सुखी हाये ना?" मग कोंबडीला मांडीवर घ्यायचं, पंखाखाली पिसवा बघायच्या, पायाला तेल लावायचं. घरच्यांची विचारपूस. चहा. मग पुढचं घर.

आमच्या घरी कोंबडी नव्हती. सासूबाईंच्या घरात अंडं हा शब्दही चालत नसे, त्याला 'ते' म्हणायचं. त्यामुळे गफूरभाई आमच्या दारावरून फक्त जायचे. मी खिडकीतून बघून आमच्या ह्यांना म्हणायची, "बघा, कोंबडीच्या नावावर अकरा घरी फुकटचा चहा. काय डोकं आहे!" हे नुसते वर्तमानपत्राचं पान उलटायचे. मला वाटायचं, माझी निरीक्षणशक्ती त्यांना झेपत नाही.

माझ्या विज्ञानाचाही एक किस्सा सांगायलाच हवा. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ठरवलं की कोंबडीशिवाय पिल्लं काढून दाखवायची. चहाचं लाकडी खोकं घेतलं, आत शंभराचा बल्ब लावला आणि गफूरभाईंकडून पाच अंडी आणली. त्यांनी ती एकेक करून माझ्या ओंजळीत ठेवली, कापसात गुंडाळून. तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात. माझ्या यंत्रात अंडी तीनच दिवसांत तयार झाली होती, मीठ लावून खायला.

मी टरफलं घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी एक टरफल हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिलं. मग म्हणाले, "कोंबडी दिवसातून किती खेपा अंडे उलटवते, पायलं का बाई? गरम झालं तं उठते, थंड झालं तं बसते. तुमचा बल्ब बसल्या जागी टकामका पाहून राह्यला, बस." शाळेत मी सांगितलं की वीजपुरवठ्यात दोष होता.

मग एका पावसाळ्यात मर आली. कोंबड्यांची मान वाकडी व्हायची आणि दोन दिवसांत खेळ संपायचा. गावात कोंबडा आरवेनासा झाला. अकरा घरच्या अकरा लेकी गेल्या. गफूरभाईंच्या अंगणात अठरा होत्या, त्यातली एक कोंबडी आणि एक कोंबडा उरला. दसऱ्याच्या सुमारास कोंबडाही गेला, पण जाण्याआधी आपलं काम करून गेला होता. कोंबडीनं सात अंडी दिली आणि बसली.

त्या दिवसांत मी पाहिलं, शुक्रवारी गफूरभाई नमाजहून येत, धुतलेला कुर्ता अंगात तसाच, आणि आपल्याच ओट्यावर बसून राहत. मी फाटकातून विचारलं, "आज भेटायला नाही गेलात?"

"कोनाले भेटू, बाई? सोयरीकच नाई राह्यली. आता कोनाच्या दारात उभं राहून काय विचारू?" आणि मग आत बघून, "ह्या सातांवर हाये सगळं."

तेराव्या दिवशी सकाळी मुंगूस कुडातून आत शिरलं. दुसरी कोंबडी असती तर ओरडत उडाली असती. ही उठलीच नाही. मेली ती अंड्यांवर पसरूनच. अंडी एकूण एक शाबूत, अजून कोमट.

माझी दिवाळीची सुट्टी चालू होती. मी धावत गेले तेव्हा गफूरभाई जमिनीवर बसले होते, सातही अंडी सदऱ्याच्या आत, पोटाशी. रोजे चालू होते, तोंड सुकलेलं. बसवायला दुसरी कोंबडी अख्ख्या गावात नव्हती. मी म्हटलं, "माझं खोकं आणते."

त्यांनी डोळे मोठे केले.

"या खेपेला चाळीसचा बल्ब," मी घाईघाईनं म्हटलं, "आत पाण्याची वाटी, आणि शाळेचा तापमापक. आणि उलटवायचं काम तुमचं."

खोकं आलं. त्यांनी आतून ताज्या पिंजलेल्या कापसाचं अस्तर लावलं. पण खरी अडचण पुढेच होती. त्या वर्षी भारनियमन असं होतं की सकाळी चार तास वीज गुल, दुपारी चार तास गुल. मी माझ्या फळ्यापुढच्या आवाजात ही अडचण समजावून सांगेपर्यंत गफूरभाईंनी मलमलीचा पट्टा कापायला घेतला होता. तासाभरात तयार. कमरेला बांधायचा, सात कप्प्यांचा, बाहेरून कापसाची जाड भरती, आत मऊ. वीज गेली की अंडी पट्ट्यात, पट्टा पोटाला, आणि माणूस बसून. उठायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर नाक दाबायचं.

पहिला दिवस ते एकटेच बसले. दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आली. तिच्याकडची लेक मरमध्ये गेल्यापासून तिनं ती वीतभर गादी जपून ठेवली होती. "उठा चाचा, कंबर मोडन तुमची. मले बांधा थो पट्टा. चार पोरं काढले म्या, हे सात काय जड हायेत?"

संध्याकाळपर्यंत ज्यांच्या-ज्यांच्या घरी लेक दिली होती ते एकेक करून येऊन गेले. गर्दी व्हायला लागली, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी चार्टपेपरवर वेळापत्रक आखून ओट्याच्या भिंतीवर चिकटवलं. अंड्यांवर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे उलटवली की नाही ते कळावं.

गफूरभाई कासावीस झाले. "फुली काऊन, बाई? जनमाच्या आधीच नापास?"

मग फुली पुसून चांदणी काढली.

माझी पाळी दुपारी दोन ते चार. पोटाशी सात अंडी बांधून, पदर सारखा करून मी त्यांच्या ओट्यावर बसले तेव्हा आठवीच्या चार मुली समोरून गेल्या आणि कोपऱ्यावर जाऊन फुटेपर्यंत हसल्या. पहिली दहा मिनिटं मी अपमानानं लाल झाले. त्यानंतर एका अंड्यात काही तरी हललं. अगदी बारीक. मी विज्ञान शिकवायला लागून वीस वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी मी श्वास धरून बसले, दोन तास.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. काठी टेकत, गल्ली ओलांडून. मला वाटलं, आता मला घरी ओढत नेणार. त्यांनी वेळापत्रक चष्म्याआडून वाचलं.

"माझं नाव का नाही यात?"

"अहो, पण तुम्हाला 'ते' चालत नाही ना?"

"घरात चालत नाही. हे काय घर आहे आपलं?" आणि गफूरभाईंकडे वळून, "बांधा. फार घट्ट नको."

त्या माळ ओढत बसायच्या. त्या उठल्या की गफूरभाई पट्टा बांधून आपलं पठण करायचे. तुळसाबाईला काळजी पडली. "दोनी आयकून राह्यले हे. निंघाल्यावर आधी काय मनतीन, चाचा?"

"चिव मनतीन," गफूरभाई म्हणाले. "जरा आस्ते बोल."

संध्याकाळी वीज आली की अंडी खोक्यात जात आणि गफूरभाई रोजा सोडत. आधी खजूर आणि पाणी एवढंच असायचं. त्या आठवड्यात ताटात केळी आली, तुळसाबाईचे वडे आले, सासूबाईंचा शिरा आला. ते ताट पुढ्यात घेऊन थोडा वेळ बसूनच राहायचे. मग "तुमी बी घ्या ना" म्हणून आमच्यापुढेच सरकवायचे.

एकविसाव्या दिवशी सकाळी तुळसाबाई ओट्यावरून किंचाळली, "बोल्लं वो बाई, बोल्लं!" आणि जागची हलली नाही, हात हवेत तसेच. अंड्याच्या आतून आवाज येत होता. मी पट्टा सोडला. एका अंड्याला बारीक तडा गेला होता, मोहरीएवढा. वीज आल्यावर सगळी खोक्यात ठेवली आणि सगळा ओटा खोक्याभोवती वाकला. गफूरभाई सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना पुढे यायचा धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवसापर्यंत चार निघाली. ओली, काळपट, कुणाच्या डोक्यावर अजून गोंडा नाही, पण पायाला पाच-पाच बोटं. वाळल्यावर फुलून ती कापसाची बोंडं झाली. एकानं टरफल फोडलं आणि थकून तिथेच गेलं. नर कोण, मादी कोण, हे या जातीत चार-चार महिने कळत नाही, म्हणजे वंश पुढे चालणार की नाही हे देवालाच माहीत. पण सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "एक आमच्याकडे द्यायची. अंगणात राहील. घर बघायला कधी येता?"

गफूरभाईंनी डोळे पुसले आणि कडक आवाजात विचारलं, "मांजर हाये का?"

मग त्यांनी पिल्लांसाठी कापसाची एक झालर केली आणि खोक्यात आडवी टांगली. चौघंही तिच्या आत घुसून एकमेकांना चिकटून झोपायची, आईच्या पोटाखाली झोपावं तशी. आता वीज गेली तरी त्यांचं अडत नव्हतं, आणि माणूसही लागत नव्हता.

तेविसाव्या दिवशी दुपारी मी गेले. सोमवारी शाळा उघडणार होती, म्हटलं भिंतीवरचं वेळापत्रक काढून घ्यावं. ओट्यावर कुणी नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत तिथे बसायला जागा नसायची. ओटा नुकताच झाडलेला होता आणि त्यावर येणाऱ्यांना बसायला ओळीनं सहा गाद्या मांडल्या होत्या, नव्या खोळींच्या. गफूरभाई आत बसले होते. कमरेला पट्टा होता.

"दोन राह्यले ना, बाई," ते म्हणाले. "अजून दोनक दिवस पाहू मनतो. काई-काई उशिरा निंघते."

मी अंडी मागितली. खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन एकेक बॅटरीवर धरलं. एकात काहीच नव्हतं, पहिल्यापासूनच नसावं. दुसऱ्यात काळा गोळा, निश्चल. मी बराच वेळ धरून ठेवलं. तोंड उघडलंही होतं. माझ्याकडे या विषयावरची दोन वाक्यं तयार होती, एक भ्रूणाबद्दलचं आणि एक तापमानाबद्दलचं.

वळून पाहिलं. गफूरभाई अंड्यांकडे बघत नव्हते. दारातून दिसणाऱ्या त्या चार्टपेपरकडे बघत होते. त्याचा एक कोपरा मी येताना सोडवलेला होता आणि तो वाऱ्यानं हलत होता.

मी अंडी त्यांच्या हातात परत दिली. बाहेर जाऊन कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला, पर्समधली पेन्सिल काढली आणि खाली नवीन रकाने आखले. शनिवार सकाळ, तुळसाबाई. शनिवार दुपार, सासूबाई. रविवारी ज्यांना जमेल त्यांची नावं लिहिली, न विचारताच.

गफूरभाई पोट सांभाळत माझ्या मागे येऊन उभे राहिले. अंड्यांत काय दिसलं ते त्यांनी विचारलं नाही. एकेक नाव बोटानं मोजत खालपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"बाई, तुमचं नाव राह्यलं."

मी लिहिलं. सोमवार, शाळा सुटल्यावर.